माझी न जळणारी प्लेट

२ फेब्रुवारी

आजपासून धाकट्याचा विषय बंद. मनातून काढूनच टाकला. या वयात माणसाने शांत राहावं. डॉक्टरही तेच म्हणतात.

एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचार करायला नको. टेकडीखाली जी नवी लॅब झाली आहे, तिथे उष्णता सोसणारं प्लास्टिक बनवतात. कितीही तापवा, मऊ पडत नाही. इलेक्ट्रॉनिक सामानातल्या सर्किटच्या पाट्या त्याच्या करणार आणि इंजिनाजवळ बसवायचे पत्रेही त्याचेच करणार. त्यासाठी त्यांना गरम प्रेस, म्हणजे माल तापवून दाबायचं यंत्र, चालवणारा जुना, अनुभवी माणूस हवा होता. जागा एकच. त्यांनी धाकट्याला बोलावलं. महिनाअखेरपर्यंत चाचणीवर, जमलं तर कायम.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. त्याला आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात मी चिकटवला. प्रेसचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे मी दाखवलं. कुकरचे दांडे, इस्त्रीच्या मुठी, स्विचच्या टोप्या, माझ्या हातच्या वस्तू आजही घराघरांत आहेत. बोलावणं मलाच यायला हवं होतं. दोघांचं आडनाव एकच, त्यामुळे त्यांचा घोटाळा झाला असणार.

असो. विषय बंद.

३ फेब्रुवारी, सकाळ

धाकटा लॅबला गेला. समोरच राहतो, म्हणून दिसला. मी खिडकीत सहज उभा होतो. पँटला इस्त्री. बूट नवे, पॉलिश केलेले. प्रेसवर काम करणारा माणूस पॉलिशचे बूट घालतो होय?

ही म्हणाली, अहो, पडदा सोडा, फाटेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ

त्याला पांढरा कोट दिला आहे. भावजयीने तो धुऊन गॅलरीत वाळत टाकला, अगदी रस्त्याच्या बाजूला. एका दिवसात कोट किती मळतो? मागच्या बाजूला दोरी नाही का? आहे. मीच बांधून दिली होती.

६ फेब्रुवारी

न्हाव्याकडे गेलो. खुर्चीत बसल्यापासून त्याचं एकच पालुपद, काका, तुमचा धाकटा शास्त्रज्ञ झाला म्हणे. मी म्हटलं, प्रेस चालवतो. तर म्हणाला, हल्ली त्यालाच शास्त्र म्हणतात. मी त्याला फरक समजावून सांगायला मान वळवली. डावा कल्ला उजव्यापेक्षा वर गेला.

हिने विचारलं, असा का दिसतो आहे? मी म्हटलं, धाकट्यामुळे.

निश्चय: स्वतः लॅबमध्ये जायचं आणि झालेली चूक सभ्य शब्दांत लक्षात आणून द्यायची. मन दुखवायचं नाही कुणाचं.

९ फेब्रुवारी

जाऊन आलो. लॅबची प्रमुख एक मॅडम आहे. आमच्या नातीपेक्षा जरा मोठी असेल. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. वागायला चांगली, पण बोलताना मला आजोबा म्हणते. धाकट्याला काका म्हणते. आमच्या दोघांत तीन वर्षांचं अंतर आहे!

मी माझा अनुभव सांगितला. तिने विचारलं, काय काय दाबून काढलंत? मी दांडे, मुठी, टोप्या सगळं सांगितलं. ती म्हणाली, ते पावडरचं काम झालं आजोबा, आमचं थरांचं आहे. मग तिने समजावलं. काचेच्या धाग्याचं कापड असतं. त्याला रेझिन पाजायचं. रेझिन म्हणजे चिकट राळेसारखं द्रव. मग थरावर थर रचून प्रेसमध्ये दाबायचं, तापवायचं आणि शेवटी ओव्हनमध्ये सावकाश भाजून काढायचं. मी प्रत्येक वाक्याला, ते तर आलंच, असं म्हणत होतो. निम्मं खरोखरच समजलं.

तेवढ्यात धाकटा आतून आला. डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात लांब मोजे. म्हणाला, अरे दादा, तू इकडे कुठे? चहा सांगू का? जणू लॅब त्याच्या बापाची. बाप आमचा एकच, म्हणून पुढे काही बोललो नाही.

निघताना मॅडम म्हणाली, आजोबा, तुम्ही कधी काही करून आणलंत तर टेस्ट करून बघू. म्हणजे तिने मला सँपल आणायला सांगितलं. धाकट्यासमोर सांगितलं. त्याचा चेहरा पडला. (चष्म्यामुळे नीट दिसला नाही, पण पडलाच असणार.)

टेस्ट अशी: वितळलेल्या सोल्डरवर, म्हणजे डाग द्यायच्या धातूवर, तुकडा तरंगत ठेवायचा. दोनशे अठ्ठ्याऐंशी अंश. फुगला किंवा थर सुटले की नापास. धाकट्याची शीट पास झाली आहे म्हणे. त्याला काय, त्यांच्याकडे सगळी मशिनं आहेत.

१० फेब्रुवारी

सकाळी बेकरीसमोरून येताना एकदम सुचलं. बेकरीवाला भट्टीतली राख बाहेर काढत होता. मी उभाच राहिलो. जे एकदा जळून राख झालं, ते पुन्हा काय जळणार? रेझिनमध्ये राख घातली की झालं! इतके शिकलेले लोक, इतकी वर्षं डोकं खाजवत बसले आणि कुणालाच सुचलं नाही. मी सातवीपर्यंत शिकलो हेच बरं झालं. जास्त शिकल्याने डोक्यात जागा उरत नाही.

राखेचं कुणाला सांगायचं नाही. हिलाही नाही.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, त्यापेक्षा भांडी तरी घासून द्या तिने.

१२ फेब्रुवारी

फायबरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. काचेच्या कापडाचे तुकडे, इपॉक्सी रेझिनचा डबा आणि ते घट्ट होण्यासाठी घालायची बाटली घेतली. त्याने विचारलं, टाकी गळते का? मी म्हटलं, संशोधन आहे. तो म्हणाला, म्हणजे कुठून गळते ते अजून सापडलं नाही.

अशा माणसांशी फार बोलू नये.

बेकरीवाल्याने राख पिशवीभर दिली. तोही म्हणाला, तुमच्या भावाचं ऐकलं, छान झालं. राख तिथेच ओतून यावीशी वाटली.

१४ फेब्रुवारी

ओव्हन हिचा आहे. त्यात ती बिस्किटं करते आणि ती सगळ्या बिल्डिंगमध्ये जातात. धाकट्याकडेही जातात. हे मला कधीच पटलेलं नाही. असो. दुपारी ती झोपल्यावर मी कापडाचे थर रचले, प्रत्येक थराला राखेचं रेझिन लावलं, वर वीट ठेवली आणि ओव्हन पूर्ण तापवला. मॅडम म्हणते सावकाश. सावकाश ज्यांना पगार मिळतो त्यांनी करावं.

धूर बराच झाला. ही उठली. धाकटा समोरून धावत आला. दादा, काय जळतंय? मी म्हटलं, दूध उतू गेलं. त्याने नाक वर केलं आणि विचारलं, इपॉक्सीची म्हैस कधी घेतलीस?

स्वतःच्याच विनोदावर हसला. भावजय समोरच्या गॅलरीतून हसली. हीसुद्धा हसली. खिडक्या उघडायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

१५ फेब्रुवारी

प्लेट उत्तम झाली आहे. फक्त ट्रेपासून सुटत नाही.

सुरी लावून पाहिली. छिन्नी लावून पाहिली. शेवटी हिने लाटणं घेतलं. ट्रे वाकला, प्लेटला काही झालं नाही. मजबुती सिद्ध झाली. हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, मग ट्रेसकट नेऊन द्या तुमच्या मॅडमला आणि येताना मला नवा आणा.

संध्याकाळी धाकटा एक गुंडाळी घेऊन आला. पातळ, गुळगुळीत कागदासारखी. म्हणाला, दादा, खाली आणि वर हे घालायचं असतं, नाहीतर रेझिन धरून बसतं. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, मी मुद्दाम घातलं नव्हतं. त्याने गुंडाळी टेबलावर ठेवली आणि हिच्याकडून बिस्किटं खाऊन गेला.

त्याचं काही वापरणार नाही. प्रश्नच नाही.

१६ फेब्रुवारी

दुसरी प्लेट लावली. गुंडाळी वापरली. त्याने दिली म्हणून नव्हे, टेबलावर अडचण होत होती म्हणून.

१७ फेब्रुवारी

दोन्ही हातांना खाज. मानेला खाज. काचेच्या कापडाचे बारीक तंतू कातडीत शिरतात म्हणे. धाकट्याला लांब मोजे मिळतात. मला कोण देणार? हिने तिचे जुने लोकरीचे मोजे कोपरापर्यंत चढवून दिले. त्यांनी जास्त खाज सुटली.

आज धाकट्याला घ्यायला लॅबची गाडी आली. पाऊस नाही, काही नाही. चालत जायला काय झालं होतं? ड्रायव्हरने दार उघडून धरलं. आम्ही तीस वर्षं सायकल मारली. एकाच सायकलवर. मी पुढे, तो मागे कॅरिअरवर.

१९ फेब्रुवारी

प्लेट सुटली! अख्खी! रंग काळपट, जड, गंभीर. पाहिल्याबरोबर विश्वास बसतो. धाकट्याच्या शीट पिवळट असतात, कावीळ झाल्यासारख्या.

हिला दाखवली. ती म्हणाली, वा, दाराखाली लावायला होईल, वाऱ्याने आपटतं.

धाकटा रात्रीचं जेवण करून आला. त्याने प्लेटवर बोटाने टकटक केलं, कान लावला. म्हणाला, दादा, इथे आवाज बोदा येतो, आत हवा राहिली आहे. आणि टेस्टला आणशील तर आधी चार तास ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून आण. यात हवेतली ओल शिरते. सोल्डरवर टाकलं की तिची वाफ होते, मग आतून फुटतं.

मी बरं म्हटलं. पण माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे होतं.

२० फेब्रुवारी, पहाटे

झोप लागली नाही. आता सगळं स्पष्ट झालं. धाकटा माझ्यावर जळतो.

लहानपणापासूनच तसा आहे. माझी प्लेट पाहून त्याच्या पोटात दुखायला लागलं. नाहीतर चांगली झालेली प्लेट पुन्हा भाजायला कोण सांगेल? वाळवल्यावर काय होतं? जमीन वाळली की भेगा पडतात. टाच वाळली की भेगा पडतात. लाकूड वाळलं की तडकतं. माझी प्लेट टेस्टच्या आधीच तडकावी अशी त्याची योजना. सख्खा भाऊ!

पण मी त्याला काही बोलणार नाही. इतका मत्सर माणसाला आतून पोखरतो. दया येते.

उपाय: त्याने सांगितलं त्याच्या बरोबर उलट करायचं.

२३ फेब्रुवारी

प्लेट ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतो. ही म्हणाली, पालकाची जुडी आहे का ती? मी म्हटलं, तुला यातलं कळणार नाही.

भावजय फोनमध्ये फोटो घेऊन आली. बाहेरून कोणी मोठे पाहुणे लॅबमध्ये आले होते आणि धाकटा त्यांना प्रेस दाखवतो आहे. मी फोटो हातात घेऊन नीट पाहिला. मग पुन्हा मागून घेतला. मग चष्मा लावून पाहिला. कोटाचं वरचं बटण खालच्या काजात होतं. भावजयीला दाखवलं. तिच्या अजून लक्षात आलं नव्हतं. आता ती लोकांना तो फोटो दाखवताना विचार करील.

नंतर हिने विचारलं, तुम्हाला नक्की काय हवं आहे? ती जागा, की त्याला ती मिळू नये हे? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. आणि फडक्यावर आणखी पाणी शिंपडलं.

२५ फेब्रुवारी

मॅडमला फोन करून परवाची वेळ ठरवली. परवाच धाकट्याच्या जागेचाही निर्णय आहे. योग जुळून आला.

परवा संध्याकाळपर्यंत जागा माझी होईल. धाकट्याला घरी बसावं लागेल. मी त्याला एकटा सोडणार नाही. दिवस कसा घालवायचा ते शिकवीन. सकाळचा पेपर दोनदा वाचायचा. भाजी एकदम आणायची नाही, एकेक आणायची. दुपारी खिडकीत उभं राहायचं. मला सवय आहे. त्याला सुरुवातीला जड जाईल.

लॅबमध्ये काय बोलायचं ते पाठ केलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. ही बाहेरून म्हणाली, कोण आलं आहे?

२७ फेब्रुवारी, सकाळ

निघतो आहे. फडकं शेवटचं भिजवलं. पिशवीतून थेंब पडताहेत, पण ते आपल्यालाच माहीत.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

त्यांचं सोल्डर बरोबर नव्हतं.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. मॅडम होती, दोन इंजिनिअर होते, धाकटा होता. मॅडमने विचारलं, आजोबा, वाळवून आणली ना? मी म्हटलं, सर्व काळजी घेतली आहे. हे खरंच होतं. एका इंजिनिअरने प्लेटचा तुकडा कापला. तो म्हणाला, करवतीला चिखल लागतो आहे. मी म्हटलं, ते आमचं गुपित आहे.

धाकटा माझ्या पिशवीकडे बघत होता. खाली फरशीवर थोडं पाणी साचलं होतं. तो म्हणाला, दादा, ही ओली आहे का? मी त्याच्याकडे पाहून हसलो. म्हटलं, घाबरलास?

तुकडा सोल्डरवर ठेवला. क्षणभर शांत. मला वाटलं झालं, पास. मग चर्रर्र आवाज आला आणि तुकडा टम्म फुगायला लागला. धाकटा ओरडला, मागे व्हा! त्याने एका हाताने मॅडमपुढे काचेची ढाल ओढली आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरून मला मागे खेचलं. सर्वांदेखत. कॉलर धरून. मोठ्या भावाला.

फट्ट झालं. थर सुटून पत्त्यांसारखे उडाले. सोल्डरचे थेंब सगळीकडे. सुदैवाने कुणाला लागलं नाही. एक थेंब धाकट्याच्या नव्या बुटावर पडला आणि भोक पडलं. वाईट वाटलं. फार नाही.

मॅडम एक शब्दही रागाने बोलली नाही. नुसतं विचारलं, आजोबा, तुम्ही ठीक आहात ना? त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिथेच, सगळं पुसायच्या आधीच, तिने सांगितलं की काका आजपासून कायम. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. एका हातात पिशवी होती, त्यामुळे आवाज आला नाही.

२८ फेब्रुवारी

उठलो नाही. पेपर एकदाही वाचला नाही. ही कपाळाला हात लावून गेली. ताप नाही म्हणाली. तिला काय कळतं.

संध्याकाळी धाकटा आला. उशाशी बसला. मी भिंतीकडे तोंड केलं. त्याने चादर माझ्या पायांवर ओढली. मग म्हणाला, दादा, तिथे काचेचं कापड मापात कापायला आणि थर रचायला एक माणूस हवा आहे. मी तुझं नाव सांगितलं. मॅडम हो म्हणाली.

मी भिंतीलाच विचारलं, कुणाच्या हाताखाली?

त्याने माझी उशी सारखी केली. मग म्हणाला, प्रेसच्या.

आतून ही म्हणाली, येतील ते. भाऊजी, न्याच तुम्ही. माझा ओव्हन वाचेल.

मी जाणार नाही. तारखेसह लिहून ठेवतो. धाकट्याच्या हाताखाली मी जाणार नाही.

३ मार्च

जातो आहे. नीट विचार केला. धाकट्याला माझ्याशिवाय जमत नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, त्यातच सगळं आलं. काम कापड कापायचं असलं तरी खरी गरज देखरेखीची आहे. तो थोडा धांदरट आहे.

मी होकार देण्याआधीच हिने डबा भरून ठेवला होता.

लॅबची गाडी आली. ड्रायव्हरने दार उघडून धरलं. धाकटा म्हणाला, दादा, पुढे बस. मी पुढे बसलो. तो मागे.

६ मार्च

कापड कापतो. मलाही लांब मोजे मिळाले. कोट नाही, ॲप्रन आहे. त्याला खिसे जास्त आहेत. धाकटा दिवसातून अनेकदा येऊन म्हणतो, दादा, धागा सरळ ठेव, तिरपा गेला तर शीट वाकते. मी म्हणतो, मुद्दाम पाहत होतो तुझं लक्ष आहे का.

कायम झाल्यापासून सगळे त्याला सर म्हणायला लागले आहेत. इंजिनिअरसुद्धा. मला काय म्हणायचं हे कुणाचं ठरेना. पहिल्या दिवशी मागून कुणीतरी हाक मारली, सरांचे दादा! मी वळलोच नाही. काल तशीच हाक आली, तेव्हा मी कात्री खाली ठेवून सगळ्यांना एकत्र समजावून सांगितलं की मोठा मी आहे, त्याला कामाला मी लावलं, ओळख द्यायचीच तर उलट दिली पाहिजे. सगळ्यांनी मान डोलावली. ऐकणारी माणसं आहेत, प्रश्न सुटला.

आज दुपारी चहावाल्या बाई दारात येऊन ओरडल्या, सरांचे दादा, चहा निवतोय!

मी इकडे तिकडे पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ओ दिली.